दोघांनाही चांदणी

कर्नेलमध्ये कोणाच्या ड्रायव्हरला चांदणी द्यायची, यावर बैठक बोलावून, चिवडा-चहा घेऊन रीतसर ठराव मंजूर करणारी शिक्षणसंस्था उभ्या महाराष्ट्रात एकच झाली असेल, आणि माझं नशीब असं की मी तिथेच नोकरीला होते. आता इतकी वर्षं झाली. लोक म्हणतात, सोडून द्या बाई, कशाला डोकं तापवून घेता. का सोडू? ज्याचं गेलं त्याचं गेलंच, आणि ज्यांनी घालवलं ते अजून सत्कार-समारंभात पहिल्या रांगेत बसतात, हार घालून घेतात.

कर्नेल म्हणजे काय ते आधी सांगते. संगणक सुरू केला की सगळ्यात आधी जो मूळ प्रोग्राम जागा होतो आणि बाकीच्यांना कामाला लावतो, तो कर्नेल. संगणकात वेगवेगळी कार्डं बसवलेली असतात, कुठलं आवाजाचं, कुठलं नेटवर्कचं. प्रत्येक कार्डाशी बोलायला एक दुभाषी लागतो, तो ड्रायव्हर. कर्नेल तयार करताना, आमच्या भाषेत कंपाइल करताना, ड्रायव्हर दोन तऱ्हांनी घेता येतो. एक तर कर्नेलच्या पोटात घालायचा, नाहीतर मॉड्यूल म्हणून बाहेर ठेवायचा आणि ज्या मशीनवर लागेल तिथेच आत बोलवायचा. पडद्यावर भलीमोठी यादी येते. पोटात घातला की नावापुढे चांदणी उमटते, बाहेर ठेवला की इंग्रजी एम. काम दोघंही सारखंच करतात. चांदणीवाल्याला पगार जास्त नाही की एमवाल्याला कमी नाही. एवढं कळलं की पुढचं सगळं कळतं, आणि एवढंच आमच्याकडच्या मोठ्या माणसांना कळून घ्यायचं नव्हतं.

मी वरवट बकालहून एसटीनं तालुक्याच्या गावी जायची. वडील भाजीपाला पिकवायचे, वांगी, मिरची, कांदा. अकोल्याला राहून मी संगणकाचा डिप्लोमा केला होता, आणि तालुक्याच्या गावच्या या संस्थेच्या कॉलेजात संगणकाची प्रयोगशाळा निघाली तेव्हा मला तिथं घेतलं. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग मधे खंड, मग पुन्हा अकरा महिन्यांची. दरवर्षी मे महिन्यात मी दिवस मोजायची, या वेळी बोलावतात का नाही.

प्रयोगशाळेत माझ्याबरोबर एकच माणूस होता. त्याला सगळे मामा म्हणायचे. कॉलेज नुसतं दोन खोल्यांचं होतं तेव्हापासून तो तिथं रोजंदारीवर होता. आधी झाडझूड, मग टायपिंगची यंत्रं पुसणं, मग आमचे संगणक. शिक्षण सातवी. पण माणूस असा की एकदा दाखवलेलं विसरायचा नाही. आमच्याकडे विजेचा दाब इतका कमी की वीस मशीनं एकदम लावली तर फ्यूज जायचा. मामा चार मशीनं लावायचा, पंख्याकडे बघायचा, पंखा नीट फिरायला लागला की पुढची चार. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. इंग्रजी वाचता येत नसलं तरी अक्षरांच्या आकारावरून तो ओळखायचा की मशीन नीट सुरू होतं आहे का अडकलं आहे. "म्याडम, सातव्या नंबरले तिसऱ्या ओळीवर येऊन थांबलं पाहा," असं मला दारातच सांगायचा.

त्या वर्षी विद्यापीठाची समिती येणार होती. संगणकाच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला मान्यता द्यायची का नाही ते ती ठरवणार होती. मान्यता मिळाली की सोबत परिचराचं एक पद येणार होतं, कायमचं, पेन्शनचं. ते पद मामाचं, असं अध्यक्षांनी पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली, माइकवर, सगळ्यांच्या देखत सांगितलं होतं. टाळ्या पडल्या होत्या. पण कायम नेमणुकीच्या वयोमर्यादेत मामाचं एकच वर्ष उरलं होतं. त्या वर्षी मान्यता आली नाही, तर पुढच्या वर्षी तो वयात बसत नव्हता. हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि झेंड्याखाली उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं.

आता संस्थेतली माणसं. अध्यक्षांना सगळे भाऊ म्हणायचे आणि सचिवांना साहेब. दोघंही मोठे शेतकरी, दोघांचेही आपापले गट, आणि दोघांनाही एकमेकांशिवाय चालायचं नाही. म्हणून संस्थेत प्रत्येक गोष्ट जोडीनं. कोनशिलेवर दोघांची नावं एकाच उंचीवर. गॅदरिंगला दोन नारळ, आणि दोघांनी ते एकाच क्षणी फोडायचे. एक-दोन-तीन कोण म्हणायचं, तर मी! साडी नेसून, व्यासपीठाच्या कोपऱ्यात उभं राहून, मी एक-दोन-तीन म्हणायची आणि दोन नारळ फुटायचे. एकदा साहेबांचा नारळ पहिल्या फटक्यात फुटला नाही, तर भाऊंच्या माणसांनी महिनाभर त्याच्या गोष्टी सांगितल्या.

संगणक घ्यायचे ठरले तेव्हाही तेच. दहा मशीनं भाऊंच्या साडूच्या दुकानातून, खामगावची. दहा साहेबांच्या पुतण्याच्या दुकानातून, अकोल्याची. दोन्हीकडच्या मशीनांत नेटवर्कची कार्डं वेगळी. मी म्हटलं होतं, सगळी एकाच जातीची घ्या, माझं काम सोपं होईल. प्राचार्यांनी हात जोडले, "म्याडम, तुम्ही यात पडू नका." ते मनानं भले होते, पण हात जोडण्यापलीकडे त्यांनी काही केल्याचं मला आठवत नाही.

आम्ही लिनक्स ही संगणकप्रणाली वापरायचो, कारण ती सीडीवर फुकट यायची. खामगावच्या कार्डाचा ड्रायव्हर गुणी होता. आपलं कार्ड दिसलं तर काम करायचा, नाही दिसलं तर गप्प बसायचा. म्हणून त्याला मी कर्नेलच्या पोटात घातलं. अकोल्याच्या कार्डाचा ड्रायव्हर मात्र शोधाशोध करणारा. परगावी आलेला पाहुणा आपल्या माणसाचं घर सापडेपर्यंत आळीतली सगळी दारं ठोठावतो, तसा तो कार्ड शोधताना मशीनच्या आतली एकेक जागा हलवून पाहायचा. अकोल्याच्या मशीनवर त्यानं काही बिघडायचं नाही, त्याचं घर पहिल्याच दारात. पण खामगावच्या मशीनवर तो सुटला की तिथल्या कार्डालाच धक्का लावायचा, आणि मशीन जागच्या जागी गोठायचं. म्हणून त्याला मी बाहेर ठेवलं. एम. अकोल्याच्या दहा मशीनांवरच तो बोलवायचा, बाकी दहांवर बोलवायचाच नाही. वीसच्या वीस मशीनं सुरळीत चालत होती. मुलं शिकत होती. मी खूश, मामा खूश.

समिती यायच्या आठवड्यात साहेबांचा पुतण्या सर्व्हिसिंगला म्हणून आला. तीस-पस्तिशीचा, दुकानदार माणूस, गळ्यात चेन. मी नेमकी यादी उघडून बसले होते. तो मागं उभा राहून वाचत होता.

"म्याडम, हे काय होय? त्याहीच्या कार्डापुढे चांदणी, अन् आमच्या कार्डापुढे एम काऊन?"

मी समजावलं. दहा मिनिटं समजावलं. दुभाषी, पाहुणा, दारं, सगळं सांगितलं. तो मान हलवत राहिला आणि शेवटी म्हणाला, "म्हंजे ते आत अन् आमी बाहेर. असंच नं?"

"अहो, बाहेर म्हणजे वाईट नाही."

"मंग त्याहीले ठेवा न बाहेर."

दुसऱ्या दिवशी बैठक. खोटं नाही सांगत, नोटीस निघाली. मला बोलावलं, पण बसायला सांगितलं नाही. साहेब म्हणाले, "बाई, आमची दहा मशीनं आहेत, त्याहीची दहा आहेत. समान आहे. मंग आमच्यावालं उंबऱ्याच्या बाहेर काऊन?" मी म्हटलं, साहेब, दोघांनाही बाहेर ठेवते. दोघांपुढेही एम. मशीनं तशीही उत्तम चालतील. मला वाटलं होतं, झालं, सुटलं. तर भाऊ म्हणाले, "दोघंही बाहेर? मंग आत कोण आहे?"

मी म्हटलं, "कीबोर्ड आहे, डिस्क आहे, पडदा आहे."

"कीबोर्डले चांदणी!" साहेबांनी टेबलावर हात आपटला. "कीबोर्डले चांदणी, अन् संस्थेचे पदाधिकारी बाहेर? वा बाई, वा!"

आणि मग लिपिकाकडून ठराव लिहून घेतला. दोन्ही पुरवठादारांचे ड्रायव्हर समान दर्जाने कर्नेलमध्ये समाविष्ट करण्यात यावेत. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, सर्वानुमते मंजूर. मी तिथं उभी राहून ऐकत होते आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जात होती. मी म्हणाले, "खामगावची दहा मशीनं बंद पडतील." तर भाऊ हसून म्हणाले, "बाई, एका घरात राह्यचं म्हटलं तं जमवून घ्याच लागते. दोन-चार दिवसांत सवय होईल त्याहीले." ड्रायव्हरला सवय! लग्न होऊन आलेल्या सुनेबद्दल बोलावं तसं बोलत होते ते.

कंपाइल करायला आमच्या मशीनांना चार-साडेचार तास लागायचे. त्यात भारनियमन. सकाळी लावलं की अकराला लाइन जायची, दोनला यायची, मग उरलेलं पुढं. नव्या कर्नेलला सुरुवातीच्या पाटीवर मी नाव दिलं "ठराव", इंग्रजी अक्षरांत. रागानं दिलं. जुन्याला नाव होतं "जुना", आणि तो मी काढला नाही. मशीन लावलं की पडद्यावर दोन्ही नावं यायची, बाण ज्याच्यावर नेऊन ठेवाल तो कर्नेल चालू.

समितीच्या आदल्या दुपारी ठरावाचा कर्नेल वीसही मशीनांवर गेला. अकोल्याची दहा सुरू झाली. खामगावची दहा एकेक करून गोठली. पडद्यावर अर्धी ओळ, आणि पुढं काही नाही. कीबोर्डचा दिवासुद्धा लागेना. आधीच्या दोन दिवसांत एका मशीनवर शोधाशोध करणाऱ्याला कधी आधी, कधी नंतर ठेवूनही मी पाहिलं होतं. फरक एवढाच की आधी आला तर खामगावचं कार्ड सापडायचंच नाही, आणि नंतर आला तर सापडलेलं मरायचं.

मी धावत भाऊंकडे गेले. म्हटलं, भाऊ, तुमचीच मशीनं मरताहेत, आता तरी ठराव मागं घ्या. आणि इथं माझी चूक झाली. भाऊंचा चेहरा बदलला. खामगावची मशीनं मरतात आणि अकोल्याची चालतात, हे त्यांच्या तोंडून बाहेर पडलं असतं तर साडूचं नाक कापलं गेलं असतं, आणि साहेबांच्या गटानं वर्षभर ढोल वाजवला असता. ते म्हणाले, "आमच्या मशिनी काही कच्च्या नाहीत. उद्या चालतीन. जा तुमी." स्वतःची दहा मशीनं मेलेली चालतील, पण एमला जागा द्यायची नाही. असा हट्ट!

मी परत आले तेव्हा मामा मशीनं पुसत होता. मेलेली मशीनंसुद्धा पुसत होता. माझं तोंड बघून त्यानं विचारलं नाही काय झालं. फडकं खांद्यावर टाकून म्हणाला, "म्याडम, जुना आहे नं अजून? पाटीवर?"

"आहे."

"मंग म्या सकाळी सातले येतो. चार-चार करून समद्या मशिनी जुन्यावर लावून ठेवतो. समितीवाले येतीन, पाह्यतीन, जातीन. कोणाले चांदणी अन् कोणाले एम, थे पाह्यले ते थोडेच येऊन राह्यले."

मला त्या क्षणी मामाच्या पाया पडावंसं वाटलं. मी म्हणाले, "करा मामा. मी सांगितलं म्हणून करा. कोणी विचारलं तर माझं नाव सांगा." हे मी म्हणाले होते. अगदी याच शब्दांत. मामा म्हणाला, "हाव म्याडम."

समितीच्या दिवशी माझी बस जळगाव जामोदकडून येणाऱ्या ट्रॅक्टरांच्या रांगेत अडकली आणि मी पावणेदहाला पोचले. दारातून बघितलं तर वीसच्या वीस पडदे जिवंत. मामानं इस्त्रीचा सदरा घातला होता, कपाळाला बुक्का होता. फळ्यावर त्यानं "सुस्वागतम" लिहून घेतलं होतं कोणाकडून तरी. मी म्हटलं, "मामा, आज तुमची ऑर्डर पक्की." तो लाजला. मोठा माणूस, मिशीत हसला, आणि उगीच एक माऊस सरळ करायला गेला.

समिती प्राचार्यांच्या खोलीत चहा घेत होती. तेवढ्यात पुतण्या आला. त्यानं इकडंतिकडं बघितलं, एक मशीन बंद करून पुन्हा लावलं, आणि पाटीवर बाण "जुना"वर असलेला बघितला.

"अरे! हे कोणं केलं? ठरावावर काऊन नाही?"

मी त्याला हळू बोला म्हणाले. तो हळू का बोलेल? काका, काका करत गेला आणि साहेबांना घेऊन आला, आणि साहेबांच्या मागं भाऊ आले, कारण साहेब जिथं जातील तिथं भाऊंना जावंच लागायचं. मी सांगितलं, ठरावावर लावलं तर दहा गोठतील, समिती पाच मिनिटांत येते आहे, हात जोडते तुम्हाला. साहेब म्हणाले, "ठराव संस्थेचा आहे का तुमच्या मर्जीचा?" मी भाऊंकडे बघितलं. भाऊ खिडकीतून बाहेर बघत होते. पुतण्यानं एकेक करून सगळी मशीनं बंद केली आणि सगळी ठरावावर लावली. वीस एकदम. पंखा मंदावला, आणि मामा नुसता म्हणाला, "चार-चार करून, बाप्पा, चार-चार करून." फ्यूज गेला नाही, एवढंच देवानं केलं.

खामगावची दहा गोठली आणि समिती आत आली.

तिघं होते. प्रमुख होते ते वयस्कर सर, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी पहिल्या रांगेतून फिरून एक कीबोर्ड दाबला, दुसरा दाबला, तिसरा दाबला. "ही सगळी बंद का?"

मग साहेब पुढं झाले, अगदी नम्र आवाजात, घरात मयत झाल्यासारखा चेहरा करून. "सर, काय सांगू. आमच्या रोजंदारीच्या परिचरानं सकाळी कोणाची परवानगी न घेता मशीनांशी छेडछाड केली."

अहो, खोटंही किती हुशारीचं! मामानं सकाळी मशीनांना हात लावला होता हे खरंच होतं. सात वाजता शेजारच्या चहावाल्यानं त्याला कुलूप उघडताना पाहिलं होतं. खऱ्याच्या एका काडीवर त्यांनी अख्खं खोटं उभं केलं, आणि ते उभं राहिलं.

सरांनी मामाकडे बघितलं. "तुम्ही मशीनांना हात लावला?"

"हाव साहेब."

"कोणी सांगितलं होतं?"

खोलीत वीस मशीनांच्या पंख्यांचा आवाज. मामानं माझ्याकडे बघितलं नाही. मी आजही शपथेवर सांगते, त्यानं एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. जमिनीकडे बघत म्हणाला, "कोणी नाही. म्याच केलं."

मग सर माझ्याकडे वळले. "मॅडम, प्रयोगशाळा तुमच्याकडे आहे. हे खरं आहे का?"

मी इतकी बडबडी, इतकी चिडकी. एसटीच्या कंडक्टरशी भांडते, दुकानदाराशी भांडते, बापाशी भांडून अकोल्याला शिकायला गेले. ठरावाचा कागद माझ्याच कपाटात होता. हात लांब करून काढला असता आणि सरांच्या हातात दिला असता, तर त्यांना सगळं कळलं असतं, त्यांना कर्नेल कळत होता. बाण उचलून जुन्यावर नेला असता तर पाच मिनिटांत मशीनं उठून बसली असती. भाऊ आता खिडकीकडून वळून आत बघत होते, माझ्याकडे. मे महिना दीड महिन्यावर होता.

मी म्हणाले, "मी तेव्हा बसमध्ये होते, सर."

एवढंच. खोटं नव्हतं ते. मी खरंच बसमध्ये होते.

समितीनं पुढं जास्त काही पाहिलं नाही. जेवणात भरीत होतं, जिलबी होती. जेवून ते शेगावला दर्शनाला गेले, संस्थेच्या गाडीनं. मान्यता एक वर्ष पुढं ढकलली. दुपारी लिपिकानं टाइप केलेला कागद माझ्यापुढं ठेवला. परिचराच्या हलगर्जीपणामुळे यंत्रे नादुरुस्त झाली, करिता त्याची सेवा थांबवण्यात यावी. खाली माझं पद, आणि सहीसाठी रिकामी रेघ. प्राचार्य समोर बसले होते, हात जोडून. मी सही केली. मराठीतच करते मी सही, सगळी अक्षरं सुटी-सुटी काढून, त्या दिवशीही तशीच केली.

मला राग कोणाचा येतो, विचारा. साहेबांचा येतो, त्यांना चांदणी पाहिजे होती. भाऊंचा येतो, त्यांना साडूचं नाक सांभाळायचं होतं. प्राचार्यांचा येतो. पुतण्याचा तर इतका येतो की त्याचं दुकान दिसलं तर मी रस्ता बदलते. आणि हे सगळे राग एका बाजूला ठेवले तरी जो उरतो, तो रात्रंदिवस माझ्याबरोबरच जेवतो, माझ्याबरोबरच उठतो.

आठवड्यानं मी मामाच्या घरी गेले. सगळं पाठ करून गेले होते, काय बोलायचं, कशी माफी मागायची. मनातून वाटत होतं, त्यानं दारातूनच हाकलावं. दोन शिव्या द्याव्यात, वऱ्हाडी, झणझणीत, चार घरांत ऐकू जातील अशा. तो ओट्यावर बसून हरभरे सोलत होता. मला बघून उठला, बाज झटकून बसायला दिली, आत बायकोला आवाज दिला, "म्याडम आल्या वो, चहा ठेव."

मी म्हणाले, "मामा, माझं चुकलं."

तो म्हणाला, "राह्यू द्या न. दोघंही गेलो असतो त काय फायदा होता? तुमची ऑर्डर तरी राह्यली." आणि मग, जसं काही यासाठीच तो आठ दिवस थांबला होता, तसं पुढं वाकून विचारलं, "म्याडम, त्या दहा मशिनी लागल्या का आता?"

लागल्या होत्या. समिती गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी दोघांनाही बाहेर काढलं होतं, दोघांपुढेही एम, आणि वीसच्या वीस चालत होत्या. कोणी बघायलासुद्धा आलं नाही. साहेब नाहीत, भाऊ नाहीत, पुतण्या नाही. चांदणीचं काम झालं होतं. पुढच्या वर्षी मान्यता त्याच एमवर आली, पद आलं, आणि ते ज्याला मिळायचं त्याला मिळालं. मामा तोवर वयातून गेला होता.

"लागल्या," मी म्हणाले. "सगळ्या."

मामाचा चेहरा उजळला. खरंच उजळला, मला डोळे वर उचलवेनात. हातातले हरभरे सुपात टाकून तो म्हणाला, "म्हंजे आपलंच बरोबर होतं नं, म्याडम?"

"हो मामा," मी म्हणाले. "आपलंच बरोबर होतं."

हे मी मोठ्यानं बोलले, स्पष्ट बोलले, एकही अक्षर गिळलं नाही. त्या ओट्यावर ऐकायला दुसरं कोणी नव्हतं.